दुसरं अंडं

२४ जुलै, गुरुवार

टॉवेल टाकेपर्यंत त्यानं माझं मनगट धरलेलं होतं. चोच पिवळी, मुळ्यासारखी जाड, कडांना करवतीचे दाते.

"आई, ओढू नकोस, फाटेल," ऋतिका म्हणाली. तिनं एका हातानं त्याची मान टॉवेलसकट धरली, मग पंख दाबले, मग सगळा पक्षीच कुशीत घेतला. मी सुटलेला हात पाहिला. रक्त आलं होतं. दुखत नव्हतं.

गच्चीवर घोट्याएवढं पाणी. ऋतिकाच्या खोलीवरचे पत्रे वाऱ्यानं वाजत होते. पक्षी बदकाहून मोठा, पांढरा, पंखांच्या कडा काळ्या. डोळ्यांभोवती काळं, कोणी मुखवटा चढवल्यासारखं. डोळे पिवळे. माणसाला घाबरत नाही. नुसता बघतो. खाडीवरचे पक्षी मला माहीत आहेत. कुरव, बगळे, थंडीत रोहित. हा त्यांतला नाही.

दिपेश वर आला. "आये, बदक हाय काय? रस्सा कर, रस्सा." मागून करिश्मा म्हणाली, "शी! बर्ड फ्लू असेल. हात लावू नका कोणी." ती आमची सून. दोघं दुसऱ्या मजल्यावर राहतात. पावसात ती गच्चीच्या दारापुढे येत नाही.

सासूबाई पहिल्या मजल्यावरून ओरडत होत्या, "काय परला गो वर?" कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा एकेक पायरी बसत बसत त्या स्वतःच वर आल्या. आमच्या राघो निवासाचे दोन जिने ह्या वयात. पक्ष्याकडे बघून म्हणाल्या, "भुकेला हाय तो." आणि परत एकेक पायरी बसत खाली.

ऋतिकानं त्याला टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. खोकं तिच्याच खोलीत. मनगटाला फडकं बांधलंय. अक्षर बघ कसं आलंय.

२५ जुलै

वर्तकनगरहून डॉ. सौमित्र आले. पक्ष्यांचे डॉक्टर. ऋतिका डोंबिवलीच्या लॅबमध्ये रक्त तपासते, तिथल्या कोणीतरी त्यांचा नंबर दिला. पोरगेलेसे आहेत. गुडघ्यापर्यंत भिजलेले.

"मास्क्ड बूबी," ते म्हणाले. "काकू, हा पक्षी अंडी घालण्याखेरीज जमिनीवर येतच नाही. आयुष्य समुद्रावर. उंचावरून सूर मारतो, उडणारे मासे पकडतो. वादळानं ढकललाय इकडे. थकलाय, बाकी काही नाही."

त्यांच्याकडची जागा भरली आहे. ह्या वाऱ्यानं अजून कितीतरी पाखरं आणून टाकली. वनखात्याला कळवलंय, थोडे दिवस तुम्हीच ठेवाल का, असं विचारलं. ऋतिका माझ्या आधी हो म्हणाली.

मासा कसा भरवायचा ते त्यांनी दाखवलं. आधी डोकं, मग सगळा, मग गळ्यावरून बोट खाली. तारली चालते, बांगडा चालतो.

चोचीच्या टोकाला एकसारखं पाणी ठिबकत होतं. मला वाटलं सर्दी. डॉक्टर म्हणाले, मीठ आहे. समुद्राचंच पाणी पितो, त्यातलं मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींतून बाहेर काढतो. ते गेल्यावर मी बोट लावून चाटलं. खारट. इतकं खारट की थुंकावं लागलं.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपला मिठागर गेला, आता ही पिकवतं मीठ आपले घरान." नाव विचारलं. मी बूबी सांगितलं. "बाबी? बरा नाव हाय. माझे भयनीचा नाव बाबी व्हता."

आता सगळे बाबीच म्हणतात.

२७ जुलै, रविवार

दिपेशनं विषय काढला. जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना. राघो निवास पाडून टॉवर होणार हे गेल्या वर्षापासून ठरतंय. आता बिल्डरला कागद स्वच्छ हवेत.

"ऋतूची सही लागल, आये. हक्कसोड. राखीच्या आदी करून टाकू, शुभ असतंय."

ऋतिका ताटं उचलत होती. ती ताटं घेऊन आत गेली.

ह्यांनी टीव्ही लावला. बातम्या होत्या. मग आवाज वाढवला.

आमच्यात बहिणी सही करतात. शेवंतीवन्संनी केली, ह्याच घरात, ह्याच पलंगावर बसून. सही केली, हात धुतले, जेवायला बसल्या. साऱ्या गावानं कौतुक केलं, बहीण असावी तर अशी. मिठागराच्या जमिनीचा वाटा होता तो. पण भावाशी वाकडं आलं नाही. माहेर अजून उघडं आहे त्यांचं. भाऊबीजेला येतात, ओवाळतात, साडी घेतात, चारला निघतात. राहा म्हटलं तर म्हणतात, कुठं झोपू? थट्टेत म्हणतात.

बाबीनं आज दोन बांगडे खाल्ले. खोक्यातून बाहेर येऊन ऋतिकाच्या खाटेखाली बसली. पाय मोठे, बदकासारखे पडद्याचे. चालताना एखाद्या लठ्ठ बाईसारखी डुलते.

२९ जुलै, नागपंचमी

डॉक्टर पुन्हा आले. ऋतिकानं लवकर घरी यायचं ठरवलंच होतं. ती त्यांना खूप विचारते. मला बरं वाटतं. शहाडचं सासर सोडून आल्यापासून तीन वर्षांत तिला कोणाला इतकं विचारताना मी पाहिलं नव्हतं.

"ही मादी कशावरून?"

"आवाजावरून. मादी भोंग्यासारखी ओरडते. नर शीळ घालतो."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," ऋतिका म्हणाली. डॉक्टर हसले. मला समजलं नाही. आमच्या घरात मी तर कधी ओरडत नाही.

"घरटं कसं असतं हो?" मी विचारलं.

"नसतंच, काकू. लांबच्या बेटावर उघडी जमीन. आई जिथं बसते ते घरटं. दोन अंडी घालते. पोटाखाली नाही, ह्या पायांखाली उबवते. पायांची ऊब असते."

मी बाबीच्या पायांना हात लावला. खरंच गरम होते.

"मग दोन पिल्लं."

"दोन होतात. राहतं एक." ते मासा भरवत होते, वर बघितलं नाही. "पहिलं आधी निघतं. दुसरं काही दिवसांनी. तोवर पहिलं मोठं झालेलं असतं. ते धाकट्याला ढकलत ढकलत बाहेर काढतं. बाहेर म्हणजे वीतभरच. तिथं उन्हानं मरतं, नाहीतर खेकडे नेतात."

"आणि आई?"

"तिथंच असते."

"काय करते?"

"बसलेली असते."

"बसलेली?"

"आत घेत नाही ती त्याला. वीतभर बाहेर गेलं की तिच्या लेखी संपलं."

"बाप?"

"मासे आणायला गेलेला असतो. आला की तोही बसतो."

"मग दुसरं अंडं घालते कशाला मेली?"

"पहिलं फुटलंच नाही तर. म्हणून एक जास्तीचं."

ऋतिका मोठ्यानं हसली. मला ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी खाली आले. नागाला दूध दाखवायचं राहिलं होतं.

३० जुलै

डोक्यातून जात नाही.

तिसरीच्या वर्गाला वर्षानुवर्षं निबंध घातला: आईची माया. मुलं चिमणीचं उदाहरण द्यायची, गाईचं द्यायची, माकडिणीचं द्यायची. मी लाल शाईनं 'छान' लिहायची. एकाही मुलानं असलं काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी खोडलं असतं.

वीतभर. चोच पुढे केली तर पोचेल. सुरीसारखी चोच आहे, माझं मनगट अजून काळंनिळं आहे. ती चोच मोठ्याला एकदा लावता येत नाही? असल्या आईला काय म्हणावं? पाय गरम ठेवून काय उपयोग.

आज तिला मासा मी भरवला नाही.

संध्याकाळी दिपेश म्हणाला, "आये, तू बोल ऋतूशी. तुजा आयकल ती." माझ्या अंगावर काम आलं की मी ते टाळत नाही. वर गेले. ऋतिका तारली भरवत होती.

मी म्हटलं, "दिपेश म्हणतो ते करून टाक. सोन्यासारखा भाऊ आहे."

"तुला काय वाटतं, आई?"

"मला काय वाटायचं? हक्क सोडला की माहेर राहतं."

"आणि नाही सोडला तर?"

"असं बोलू नये, बाय."

तिनं बाबीच्या गळ्यावरून बोट खाली नेलं. मासा गेला. "बरं," ती म्हणाली. मला म्हणाली की बाबीला, कळलं नाही. पण मी दिपेशला हो सांगितलं.

२ ऑगस्ट

डॉक्टर बाबीला घेऊन गेले. आता पिसांवरून पाणी निथळतं, म्हणजे पिसं बरी झाली. मासेमारी नीट सुरू झाली की कोणाच्या तरी होडीतून लांब नेऊन सोडणार.

"सोडली की परत येईल का?" मी विचारलं.

"कुठं, काकू? इथं?" ते म्हणाले. "इथं कशाला येईल?"

खोलीत माशाचा वास राहिला आहे. करिश्मानं जिन्यात अगरबत्ती लावली.

५ ऑगस्ट, मंगळवार

नोंदणी कार्यालयात गेलो. मी, हे, सासूबाई, दिपेश, ऋतिका. सासूबाईंना खुर्चीत बसवून दोघांनी आत नेलं. त्या वाटेत येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होत्या, "नातीचा काम हाय."

कॅमेऱ्यापुढे एकेक बसायचं, अंगठा काचेवर ठेवायचा. ऋतिकाचा अंगठा मशीन घेईना. रोज रसायनात हात, रेषा झिजल्या असतील. बाबू म्हणाला, "पुसून ठेवा." तिनं पुसून ठेवला. नाही. "दुसरं बोट ठेवा." ते घेतलं.

"स्वखुशीनं करताय ना, मॅडम?" विचारायची रीत असावी. त्यानं वर पाहिलंही नव्हतं.

ऋतिकानं माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्या ओढणीला लागलेला दोरा काढत होते.

"मॅडम?"

"हो," ती म्हणाली.

साक्षीदार म्हणून माझी सही झाली. अक्षर चांगलं आलं.

नंतर दिपेशनं सगळ्यांना डोसा खाऊ घातला. ऋतिकाला लॅबची दुपारची पाळी होती, ती तशीच डोंबिवलीला गेली. दिपेश म्हणाला, "बहीण असावी तं अशी." बरोबर हेच शब्द. मला शेवंतीवन्संची आठवण झाली. त्यांना फोन करावा म्हटलं, पण राहून गेलं.

७ ऑगस्ट

नकाशा पाहिला. ऋतिकाची खोली नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

काल पुढे लिहवलं नाही.

दिपेशनं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या होत्या. "हा तुमचा, आये. आजी तुमच्यासोबत. हा माझा. हा भाड्याला. खाली दोन गाळे." बोटानं दाखवत होता. देवघर कुठे, बाल्कनी कुठे. बाल्कनीतून खाडी दिसेल म्हणाला.

मी म्हटलं, "आणि ऋतिकाचं?"

"तिचा काय?"

"तिची खोली. कुठल्या मजल्यावर धरलीस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. चिडला नाही. खरोखरच त्याला प्रश्न कळला नव्हता. "आये, तिनं सोडलाय ना. तूच सही केलीस."

"हक्क सोडला. घर कुठं सोडलं?"

"मग हक्क म्हंजे काय असतंय?"

करिश्मा म्हणाली, "आई, ताई येत जातीलच की. पाहुण्या म्हणून. हॉल मोठा आहे."

मी वाट्या उचलल्या. नकाशा आपोआप गुंडाळला गेला. वाट्या घासायला टाकल्या. त्या स्वच्छच होत्या.

हे बाहेर होते. आल्यावर त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आता काय बोलणार?" आणि पाय धुवायला गेले. अंगणात खूप वेळ पाणी पडल्याचा आवाज येत होता.

मला धक्का कसला बसला, तेच मी शोधते आहे. कोणी खोटं बोललं नाही. मी जे ऐकलं ते कोणी म्हटलंच नव्हतं. 'माहेर राहतं' हे तर मीच म्हटलं होतं.

शेवंतीवन्संना फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग विचारलं, "वन्सं, तुम्ही कुठं झोपू म्हणता ते थट्टेनंच ना?"

त्या म्हणाल्या, "वहिनी, तू एवढी शिकलेली बाई."

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

नारळीभात केला. सासूबाईंना खाडीवर नेलं, त्यांनी नारळ सोडला. पूर्वी मिठागरावरून नेमानं जात, आता रिक्षानं. "दर्या, पोरांना सांभाल," त्या म्हणाल्या. मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "माज्या नातवाचा टावर होनार हाय, तू ये र जेवाला."

ऋतिकानं राखी बांधली. लाल-सोनेरी. गाठ घट्ट मारली. दिपेशनं ताटात पाकीट टाकलं आणि तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. ती हसली. दोघंही हसले. मी बघत होते. काही वाईट नव्हतं त्यात. हेच मला कळत नाही.

मग जेवताना तो म्हणाला, "उद्या सकाली मानसं येतील. वरचे पत्रे काडायला. बिल्डरला गच्ची मोकली पायजे, मोजनी हाय. ऋतू, सामान काडशील ना?"

"पावसात?" मी म्हटलं.

"पावसाचा काय, आये, पत्रे तर जायचेच हायेत."

"काढते," ऋतिका म्हणाली. "डोंबिवलीला एक खाट बघितली आहे. लॅबमधल्या मुलींबरोबर. उद्या सकाळची पाळी करून रिकामी होईन, मग नेईन."

खाट म्हणाली. खोली नाही.

"बग, ती किती समजूतदार हाय," दिपेश मला म्हणाला. त्यानं भात मागून घेतला. मी वाढला.

दुपारी डॉक्टरांचा व्हिडिओ आला. होडीच्या कडेवर बाबी. हलत नाही. कोणीतरी म्हणतंय, जा ना गं. खूप वेळ बसते. मग उडत नाही, नुसती पंख उघडून खाली पडते, आणि पाण्याला टेकायच्या आधी वर उचलली जाते. मग लाटा. मग काहीच नाही. ऋतिकानं तो पुन्हा पुन्हा लावला.

"सोडली काय?" दिपेश जिन्यातून म्हणाला. "बरा झाला."

संध्याकाळी वर गेले. तिनं भांडी खोक्यात भरली होती, बाबीच्याच खोक्यात. भिंती तिनं स्वतः रंगवलेल्या, फिकट हिरव्या. शहाडहून आली तेव्हा एक बॅग होती. तीच बॅग भरून खाटेजवळ ठेवली होती. मी म्हटलं, "मी करू का काही?"

"काय करणार, आई?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं.

तिच्या चादरीच्या घड्या नीट नव्हत्या, त्या मी पुन्हा घातल्या.

१० ऑगस्ट, रविवार

ऋतिका पहाटे पाळीला गेली. पत्रे काढायला चार माणसं आली, शिडी घेऊन. मी तिच्या खाटेवर बसले होते. बॅग खाली होती, तिच्यावर पाय ठेवले होते. दिपेश म्हणाला, आये, ऊठ. मग करिश्मा म्हणाली. मग हे वर आले, दारात उभे राहिले, आणि थोड्या वेळानं खाटेच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. माणसं जिन्यात विड्या ओढत थांबली होती. सासूबाईंनी त्यांना चहा दिला. जेवणाच्या आधी माणसं शिडी घेऊन परत गेली.